बोरिवलीचं जंगल पहिल्यांदा पाहताना

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की चालत पंधरा-वीस मिनिटांत हायवेपलीकडच्या नॅशनल पार्कच्या गेटाशी पोचता येतं. कागदोपत्री नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पण आसपासच्या लोकांच्या तोंडी नुसतं ‘नॅशनल पार्क’. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे रान मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय, आणि तिथे लोकलच्या तिकिटात पोचता येतं.

तरी इथे येणारे पुष्कळ जण गेटाजवळची बाग, तळ्यातली होडी आणि जाळीच्या बसमधली वाघ-सिंहांची सफारी एवढं उरकून दुपारी घरी जातात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यात वावगं काहीच नाही. पण सफारीतले वाघ-सिंह कुंपणातले आहेत. कुंपणाबाहेरचं मोकळं रान बघायचं राहूनच जातं. हा लेख त्या रानात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे. मला सगळ्यात आधी सांगायचंय ते असं, की पहिल्या फेरीत अंतर कमी चाला आणि थांबा जास्त. बाकीच्या सूचना त्याच्याच सोयीसाठी आहेत.

आधी ठरवा, जायचं कुठे

नवख्या माणसाने उद्यानाचे चार भाग डोक्यात ठेवावेत.

पहिला भाग गेटापासून आत दीडेक किलोमीटरचा. बाग, होड्या, गांधी टेकडी, सफारीची बस, भाड्याच्या सायकली, निसर्ग माहिती केंद्र, सगळं इथेच. मुलांची लाडकी ‘वनराणी’ ही छोटी रेल्वेसुद्धा याच भागातली. २०२१ च्या तौक्ते वादळाने तिचे रूळ उखडले आणि ती दीर्घकाळ बंद पडली. मुलांना तिचं आश्वासन देण्याआधी गेटावर विचारून घ्या.

दुसरा भाग म्हणजे कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता. गेटापासून लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. पहिल्या भेटीसाठी हाच रस्ता निवडा, असं मी आग्रहाने सांगेन. परवानगीची भानगड नाही, वाट चुकायची भीती नाही, आणि दोन्ही बाजूंना खरं जंगल.

तिसरा भाग आतल्या पायवाटांचा. शिलोंडा, मालाड ट्रेल, ठाण्याकडे येऊर, घोडबंदरकडे गायमुख आणि नागला. यातल्या बहुतेक ठिकाणी वनखात्याची परवानगी आणि बरोबर माहीतगार माणूस लागतो.

चौथा भाग आपल्यासाठी बंद आहे. तुळशी आणि विहार या दोन तलावांच्या काठी सर्वसामान्य माणसाला फिरता येत नाही. त्याचं कारण समजून घेतलं तर वाईट वाटणार नाही. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये मुंबईला पाणी पुरवायला बांधला गेला. पाणी स्वच्छ राहावं म्हणून तलावांभोवतीचं पाणलोट क्षेत्र राखलं गेलं, शेती-वस्तीला मज्जाव झाला. या महानगराच्या पोटात जंगल टिकलं त्याचं एक मोठं कारण हे तलाव आहेत. आजही या दोन्ही तलावांचं पाणी मुंबईला जातं आणि त्यांच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या चारही नद्या याच डोंगरांत उगम पावतात. खाली शहरात त्यांचे नाले झालेत. उगमाजवळची दहिसर नदी एकदा बघा म्हणजे आपण काय घालवलंय ते कळतं.

कधी जायचं

उद्यान सोमवारी बंद असतं. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण सोमवारी गेटावरून परतणारी मंडळी दर आठवड्याला दिसतात. शनिवार-रविवारी नऊनंतर गर्दी इतकी होते की पक्ष्यांऐवजी ब्लूटूथ स्पीकर ऐकू येतात. शक्य असेल तर मंगळवार ते शुक्रवारमधला एखादा दिवस काढा. पहाटे फिरायला येणाऱ्या नेहमीच्या लोकांना पास काढून लवकर आत जाता येतं. आपल्यासारख्यांसाठी तिकीट खिडकी सकाळी उघडते. ती उघडताच पहिल्या काही माणसांत तुम्ही असलं पाहिजे.

आता ऋतू. सगळे सांगतात पावसाळ्यात जा. पाऊस सुंदर असतो यात शंका नाही, पण नवख्याला पावसात दिसतं फार कमी, कारण पानांच्या भिंती उभ्या राहतात आणि पक्षी गप्प बसतात. मी पहिल्या भेटीसाठी फेब्रुवारी-मार्च सुचवेन. साग, ऐन, मोई यांची पानं गळलेली असतात, त्यामुळे नजर झाडांच्या आरपार जाते. त्याच वेळी पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. बिनपानांच्या झाडावर लालभडक फुलं, आणि त्यांतल्या मधासाठी मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, वानरं, खारी असे सगळे एका झाडावर. काटेसावरीच्या एका फुललेल्या झाडाखाली अर्धा तास बसलात तर डझनभर जातींचे पक्षी सहज ओळखायला मिळतात, तेही मान न वळवता. याच दिवसांत कांडोळाची पांढरीफटक, सालपटं निघालेली खोडं उघडी पडतात. संधिप्रकाशात ती अशी चमकतात की गावाकडे या झाडाला भुत्या का म्हणतात ते कोणी सांगावं लागत नाही.

मार्चअखेरीला कुसुमाला तांबडी पालवी फुटते. एप्रिल-मे उकाड्याचे, पण बहावा याच दिवसांत झुंबरं लावतो आणि आपलं राज्यफूल ताम्हणही फुलतं. करवंदं, जांभळं पिकतात. गेटाबाहेर पाड्यांवरच्या बायका पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात, त्यांच्याकडून जरूर घ्या. आत झाडावरची मात्र तोडू नका, ती पक्ष्यांची आणि उदमांजरांची आहेत.

पहिल्या पावसानंतर मृगाचे मखमली लाल किडे जमिनीवर दिसतात, ओढ्यांत खेकडे बाहेर पडतात, आणि नवरंग हा नावाप्रमाणे रंगीत पक्षी विणीसाठी येतो. तिबोटी खंड्या हा चिमणीएवढा, जांभळ्या-केशरी अंगाचा पाहुणाही पावसाळ्यातलाच. ऑगस्ट-सप्टेंबरात कान्हेरीच्या कातळांवर रानहळद आणि सोनकी असते. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. इथे ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. त्या हिशेबाने पुढची खेप २०३२ ला. मधल्या वर्षांत तिच्या झुडपांच्या हिरव्या गर्दीतूनच जायचं. ऑक्टोबर फुलपाखरांचा आणि कोळ्यांचा महिना. नोव्हेंबरपासून थंडीचे पाहुणे पक्षी येऊ लागतात.

पिशवीत काय असावं

मळकट रंगाचे, अंगभर कपडे. पूर्ण पॅन्ट हवीच, कारण पावसाळा सरतासरता गवतात गोचिडी असतात आणि त्या पोटऱ्यांनाच धरतात. पायात पकड असलेले बूट, चप्पल नको. अत्तर-डिओ टाळा. पाणी स्टीलच्या बाटलीत न्या. आत प्लास्टिकवर बंदी आहे आणि गेटावर पिशव्या तपासतात. खायला सुकी भाकरी-चटणी, चिक्की, शेंगदाणे असं काहीतरी, पण ते पिशवीच्या तळाशी आणि चेन लावून. का ते पुढे माकडांपाशी येईल.

दुर्बीण असेल तर ८ बाय ४२ ची उत्तम. नसेल तर मागून आणा, पण तिच्यासाठी जाणं लांबवू नका. पहिल्या काही फेऱ्यांत कानच जास्त कामाला येतात. एक छोटी वही आणि पेन्सिल घ्या. मोबाईलवर लिहायला गेलं की आधी मेसेज बघितले जातात.

पहिली सकाळ

तिकीट काढून आत शिरलात की बाग आणि होड्यांचा भाग न थांबता ओलांडा. तो परतताना बघता येतो. सकाळचे पहिले दोन तास सोन्याचे आहेत, ते कान्हेरीच्या रस्त्यावरच घालवायचे. गप्पा मारत भराभर चालणारे लोक पहिल्या किलोमीटरभरात भेटतात, पुढे ते विरळ होतात.

पहिला मोठा थांबा दहिसर नदीच्या कुठल्याही पुलावर घ्या. कठड्याला टेकून दहा मिनिटं उभे राहा. पाण्याच्या कडेने धोबी शेपूट हलवत फिरत असतो, एखादा खंड्या फांदीवर बसलेला असतो. पावसाळ्याच्या आसपास गेलात तर कोणीतरी माणूस रमतगमत शीळ घालतोय असं वाटेल. तो माणूस नसून शीळकरी कस्तूर आहे, निळसर काळा, ओढ्याकाठच्या सावलीत राहणारा. त्याची शीळ एकदा ओळखीची झाली की पुढे तो न दिसताही भेटत राहतो.

पुढे बांबूची बेटं आणि उंच झाडं लागतात. इथून चालण्याची एक पद्धत ठेवा: शंभर पावलं चालायची, मग दोन मिनिटं पूर्ण थांबायचं. थांबल्यावर नजर तीन थरांतून न्यायची. आधी जमीन आणि पाचोळा, मग डोक्याएवढी झुडपं, मग शेंडे. पाचोळ्यात खसखस झाली तर सातभाई, मुंगूस किंवा सरडा असतो. झुडपांत कीटक आणि कोळी. शेंड्यावर तांबट ‘टुक टुक’ करत असतो, आणि पिंपळ-उंबर फळांवर असेल तर हरियाल हमखास. हिरव्या-पिवळ्या अंगाचं, पिवळ्या पायांचं हे कबुतर आपला राज्यपक्षी आहे, पण पानांत असं मिसळतं की ते हललं तरच दिसतं. धनेशाच्या जोडीचा चिरका आवाज आणि जड पंखांचा फडफडाट ऐकू आला तर वर बघा.

सायकल भाड्याने मिळते आणि लेण्यांपर्यंत बससुद्धा जाते. माझा सल्ला असा, की जाताना पायी जा आणि ऊन चढल्यावर परतीला बस धरा. बरोबर वयस्कर माणसं किंवा अगदी लहान मुलं असतील तर उलटं करू नका, दोन्ही वेळा बसनेच जा आणि लेण्यांजवळ निवांत फिरा. सायकल मजेची आहे, पण तिच्यावरून निम्मं जंगल निसटतं.

एक जाळं, जवळून

ऑक्टोबरच्या सकाळी रस्त्याच्या कडेला दोन झाडांच्या मध्ये जायंट वुड स्पायडरचं जाळं शोधा. शोधायला फार लागत नाही, कारण ते वावभर रुंद असतं आणि तिरप्या उन्हात त्याचे धागे पिवळे, सोनेरी चमकतात. मध्यभागी खाली डोकं करून बसलेली काळ्या-पिवळ्या अंगाची मादी, पाय धरून जवळजवळ तळहाताएवढी. बहुतेक लोक इथवर बघतात, ‘बापरे’ म्हणतात, फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही थांबा.

आता तिच्या वरच्या बाजूला, जाळ्याच्या कडेशी बघा. तांबूस, करंगळीच्या नखाएवढाही नसलेला एक कोळी दिसेल. तो तिचं पिल्लू नाही, नर आहे. कधी दोन-तीन नर एकाच जाळ्यावर आपापली पाळी बघत असतात. मादी भक्ष्य खाण्यात गुंतली की तो हळूच पुढे सरकतो. आणखी बारकाईने बघितलंत तर धाग्यांवर चांदीच्या थेंबासारखे ठिपके दिसतील, आणि त्यातला एखादा चालायला लागेल. हे दुसऱ्याच जातीचे इवलेसे कोळी. स्वतः जाळं न विणता तिच्या जाळ्यात अडकलेले बारके किडे पळवून जगतात. म्हणजे एका जाळ्यावर एक कुटुंब आणि त्यांच्याकडचे चोर, सगळे नांदतायत. जाळ्याला बोट लावू नका, फुंकर मारू नका. हात मागे बांधून वीतभर अंतरावरून बघितलं तरी सगळं दिसतं.

याच महिन्यात दीडशेहून अधिक जातींच्या इथल्या फुलपाखरांपैकी बरीचशी उडत असतात. काळ्या मखमलीवर निळी झाक असलेलं मोठं ब्लू मॉरमॉन दिसलं तर ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. २०१५ मध्ये त्याला हा मान मिळाला. ओल्या मातीवर फुलपाखरांचा घोळका बसला असेल तर वाकून, सावली न पाडता जवळ जा. ती तिथे क्षार शोषत असतात आणि त्या नादात माणसाला जवळ येऊ देतात.

बिबट्या

सगळ्यांच्या मनात असतो तो प्रश्न. हो, इथे बिबटे आहेत, भरपूर आहेत. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) अभ्यासात उद्यान आणि आसपासच्या भागात ४७ बिबटे ओळखले गेले. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे, त्यामुळे फोटोवरून एकेक ओळखता येतो. एवढ्या लहान जागेत इतके बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी असतील. ते चितळ, सांबर, रानडुक्कर खातातच, पण जंगलाच्या कडेच्या वस्तीत कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री हाही त्यांचा मोठा आहार आहे. कचरा उघड्यावर टाकू नका असं वनखातं बजावतं त्यामागे हे गणित आहे: कचरा आला की कुत्री आली, कुत्री आली की बिबट्या आला.

दिवसा, डांबरी रस्त्यावर, तुम्हाला तो दिसण्याची शक्यता अगदी थोडी. त्याला मात्र तुम्ही बहुधा दिसलेले असता. तो लाजरा, रात्रीचा प्राणी आहे आणि माणसाला टाळून जगायला शिकलेला आहे. २००२ ते २००४ मध्ये इथे हल्ले फार वाढले होते. दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून या जंगलात सोडले जात होते हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. आपली जागा हरवलेलं जनावर बिथरतं. ती पद्धत बदलली, पाड्या-सोसायट्यांतून लोकांशी बोलणं सुरू झालं, आणि २०११ पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) या उपक्रमात वनखातं, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले. वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्यासारख्यांनी बिबट्या माणसांच्या शेजारी कसा जगतो हे अभ्यासातून दाखवून दिलं. त्याच्याही फार आधीपासून इथल्या पाड्यांवरचे वारली आणि मल्हार कोळी वाघोबाला देव मानून त्याच्याबरोबर राहत आलेत. पाड्याच्या कडेला शेंदूर लावलेलं वाघोबाचं ठाणं असतं. ते दिसलं तर चपला काढून लांबून नमस्कार करा, फोटोसाठी हात लावू नका.

तुमच्यासाठी नियम थोडे आहेत आणि ते मोडू नका. उजाडायच्या आत आणि सूर्य कलल्यावर रानात थांबायचं नाही. मुलांना पुढे पळू द्यायचं नाही, ती मोठ्यांच्या मध्ये चालतील. झुडपांत आडोशाला बसायला जायचं नाही, कारण बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. स्वच्छतागृह गेटाजवळ आणि लेण्यांपाशी आहे, ते वापरा. आणि यदाकदाचित तो समोर आलाच, तर पळू नका, खाली बसू नका, दगड मारू नका. उभे राहा, मुलाला उचलून घ्या, त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरका आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा.

बिबट्या बघण्यापेक्षा तो ऐकायला शिका. जवळपास तो हलला की आधी वानरं झाडावरून खाकरल्यासारखी ओरडायला लागतात. चितळ तीक्ष्ण ‘कूक’ काढतं, सांबर घोगरं ‘ढाँक’, आणि भेकर थेट कुत्र्यासारखं भुंकतं. एखादंच वानर एकदा खाकरलं तर घार दिसली असेल. तीन-चार प्राणी एकाच दिशेला तोंड करून सतत ओरडतायत, तर समजायचं. जागेवर उभं राहून ऐका, आवाज पुढे सरकतोय का बघा. एक अख्खं जनावर डोळ्यांना न दिसता जंगलातून चालत गेलेलं असं ऐकू येणं, याहून मोठा थरार या उद्यानात नाही.

माकडं

लेण्यांपाशी माकडं तुमची वाट बघत असतात. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं तशी मर्यादशील. लाल तोंडाची माकडं मात्र हातातली पिशवी ओढतात. त्यांना कोणी हे शिकवलं? आपणच. वेफर्स, बिस्किटं, केळी देऊन त्यांना रानातलं खाणं विसरायला लावलं. खाऊ घालू नका, अगदी देवाचं म्हणूनसुद्धा नको. हातात खाणं किंवा कॅरीबॅग दिसू देऊ नका. माकड अंगावर आलं तर दात काढून हसू नका, त्यांच्या भाषेत ती धमकी असते. पिशवी धरलीच तर ओढाताण न करता सोडून द्या. चावा पडला तर जखम लगेच साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारायचं.

सापांबद्दल एवढंच, की नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप इथे आहेत. दगडाखाली, पाचोळ्यात, कातळाच्या फटीत हात घालू नका, आणि पाय ठेवायच्या आधी जागा बघा. बुटांनी चालणाऱ्या, डांबरी रस्ता न सोडणाऱ्या माणसाला भीती जवळजवळ नाही. दंश झालाच तर कापाकापी, आवळपट्टी काही नको. माणसाला हलवू न देता शक्य तितक्या लवकर मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.

कान्हेरी

लेण्यांचं वेगळं तिकीट आहे. काळ्या कातळात खोदलेली शंभराहून अधिक लेणी, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं वापरात असलेली. नवखे लोक तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात जाऊन, व्हरांड्यातल्या दोन उंच बुद्धमूर्ती बघून परततात. ते बघाच, पण तिथून वर चढा. अकराव्या लेण्यात लांबलचक दगडी बाकांचं सभागृह आहे. एकेचाळिसाव्यात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर आहे, असं शिल्प भारतात दुर्मीळ. नव्वदाव्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत.

जंगल बघायला आलेल्याने इथे मुख्यतः पाणी बघावं. पायऱ्या चढताना खाली मान घालून चला. कातळात बोटभर खोल, पसरट चर कोरलेले दिसतील. एकाचा माग धरून जा. तो डोंगराच्या उतारावरचं पाणी गोळा करत, वळणं घेत, लेण्याच्या दाराशी असलेल्या चौकोनी तोंडाच्या टाक्यात उतरतो. अशा पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाकी, बहुतेक विहारांना (भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यांना) आहेत. चार महिन्यांच्या पावसावर उरलेले आठ महिने शेकडो भिक्षूंना इथे राहता यावं म्हणून केलेली ही सोय. काही टाक्यांत आजही मे महिन्यापर्यंत पाणी असतं आणि त्यावर बुलबुल, वानरं, खारी पाणी प्यायला येतात. दुपारी एखाद्या टाक्यापासून दहा-पंधरा पावलांवर, सावलीला, हालचाल न करता बसा. सकाळी जे पक्षी शेंड्यावर दिसले ते आता डोळ्यांच्या पातळीवर येतील.

पावसाळ्यात लेण्यांमधला ओढा बघताबघता चढतो. वर ऊन असलं तरी डोंगरावर सर कोसळलेली असते. पाणी गढूळ झालं आणि आवाज बदलला की ओढा ओलांडायचा विचार सोडा. ओल्या कातळावरचं हिरवं शेवाळं सर्वांत घसरडं, काळं त्याहून फसवं. कड्याच्या टोकाला फोटोसाठी जाऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी

दोन ऋतूंत कान्हेरीचा रस्ता चालून झाला की मग आतल्या वाटा. गेटाजवळच्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करा. तिथून शिलोंड्यासारख्या वाटांवर माहीतगारांबरोबर फेऱ्या निघतात, पक्षी-फुलपाखरांच्या कार्यशाळा होतात. वाटाडे पुष्कळदा पाड्यांवरचेच तरुण असतात. त्यांना नुसतं ‘बिबट्या दाखव’ म्हणू नका. कुठल्या झाडाची साल कशाला वापरतात, शेवळं कधी उगवतात, कुठला पक्षी ओरडला की पाऊस येतो, हे विचारा. चालताचालता जे ऐकायला मिळेल ते कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही.

ठाणेकरांना येऊर जवळचं. ठाणे स्टेशनहून परिवहनची बस वर जाते. गेटावर नोंद करून आत जावं लागतं. येऊरचं रान पक्षिनिरीक्षकांचं आवडतं आहे, पण शनिवार-रविवारी बाहेरच्या हॉटेलांची आणि गाड्यांची वर्दळ असते, म्हणून तिथेही मधल्या वारी सकाळी. उद्यानातलं सर्वांत उंच ठिकाण जांभूळमाळ, ४६८ मीटर. तिथे मनाला वाटेल तेव्हा चढून जाता येत नाही. इंटरनेटवरच्या नकाशात पायवाट दिसते म्हणून कोणत्याही बाजूने आत घुसू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली विनापरवाना प्रवेश हा गुन्हा आहे. ड्रोन, पेटवापेटवी, सिगारेट, दारू, पाळीव कुत्रा, यातलं काहीही आत न्यायचं नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी वही उघडा. तारीख, वेळ, जागा, हवामान आणि काय दिसलं-ऐकलं एवढं लिहा. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहा: ‘बुलबुलाएवढा, शेपटीला दोन लांब काड्या, टोकाला पीस’. पुढच्या खेपेला कोणीतरी सांगेल की तो भृंगराज. फोटो असतील तर आयनॅचरलिस्टवर आणि पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्डवर टाका. तिथले जाणकार ओळख पटवून देतात आणि तुमची नोंद अभ्यासकांच्या कामाला येते. फक्त घुबडाची ढोली, घरटं, बिबट्याची जागा असलं काही नेमक्या ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे वीस कॅमेरे उभे राहतात आणि पक्षी घरटं सोडतो.

जखमी प्राणी दिसला, वस्तीत बिबट्या शिरला, कोणी आत शिकार किंवा वृक्षतोड करताना दिसलं, तर स्वतः मध्ये न पडता वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. जागा सांगताना जवळचा पूल, पाटी किंवा लेण्याचा क्रमांक सांगा, म्हणजे माणसं लवकर पोचतात. आत पुष्कळ ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे किती वाजता परत येणार हे निघतानाच घरी सांगून ठेवा, आणि कान्हेरीहून गेटाकडे जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते ते वर पोचल्यापोचल्या ड्रायव्हरलाच विचारून घ्या.